बढती अडली म्हणून एमबीए?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. वय २९. उत्पादन क्षेत्रातल्या एका कंपनीत, खरेदी विभागात सहा वर्षं झाली. वरच्या जागेसाठी दोनदा तुमचं नाव पुढे गेलं आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला. बरोबरचे दोघे नोकरी सोडून एमबीएला गेले, आता तुमच्याही मनात तेच आहे. पण निम्म्याहून जास्त पैसे कर्जाने उभे करावे लागतील. तर एमबीए करण्यात अर्थ आहे का, आणि करायचं तर पूर्णवेळ की नोकरी सांभाळून?

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मीही सुरुवात खरेदीतच केली. नोकरी करत संध्याकाळचं एमबीए केलं, पुढे ऑपरेशन्स सांभाळलं, आणि गेली अकरा वर्षं माणसं निवडणाऱ्या पॅनलवर बसतोय. त्यात कॅम्पसवरच्या मुलाखती आल्या, तशा कंपनीतल्या बढत्याही आल्या. कुठल्या कॉलेजशी किंवा क्लासशी माझा संबंध नाही.

तुमच्या लिहिण्यात मला दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. बढती का मिळाली नाही, हा एक. एमबीए करावं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुम्ही स्वतःच देऊन टाकलंय: 'बहुतेक डिग्री नसल्यामुळे.' ज्या साहेबांनी निर्णय घेतला त्यांना मात्र विचारलेलं दिसत नाही. त्या 'बहुतेक'च्या भरवशावर कर्ज काढू नका.

बढतीच्या बैठकीत काय बोललं जातं ते सांगतो. समोर तीन-चार नावांचा कागद असतो. त्यावर शिक्षणाचा रकानाही असतो, पण चर्चा तिथे रेंगाळल्याचं मला फारसं आठवत नाही. बोलणं असं चालतं: 'हा भाव मस्त पाडून आणतो, पण स्टॉक का वाढला असं फायनान्सने विचारलं की गप्प बसतो.' 'तिचं पुरवठादारांशी उत्तम जमतं, पण तिच्या हाताखालचे दोघे वर्षात सोडून गेले.' 'याला वर घेतला तर याचं काम कोण बघणार?' हे तिसरं वाक्य मी फार वेळा ऐकलंय. माणूस आपल्या खुर्चीत इतका घट्ट बसतो की त्याला उठवणं कुणाला परवडत नाही, आणि बिचाऱ्याला वाटत राहतं की आपल्यात काहीतरी कमी आहे.

यातल्या पहिल्या तक्रारीवर अभ्यासाचा उपाय चालतो. दुसरीवर थोडाफार चालेल. तिसरीवर कुठलीच पदवी काम करत नाही. तिथे हाताखाली आपल्या तोडीचा माणूस तयार करायचा, नाहीतर कंपनी बदलायची. तुमचं दुखणं या तिघांपैकी कुठलं आहे, की भलतंच आहे, हे मला इथून सांगता येणार नाही. साहेबांना अर्धा तास मागा आणि सरळ विचारा: 'पुढच्या वेळी माझं नाव पक्कं व्हायचं असेल तर माझ्यात काय दिसायला हवं?' 'मला का डावललं' असं विचारलंत तर समोरचा बचाव करत बसेल.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही जुन्या, मोठ्या संस्थांत अमुक श्रेणीच्या वर पदव्युत्तर पदवी हवीच असा लेखी नियम असतो. तसं असेल तर विषय सोपा आहे. त्या नियमात बसणारी, मान्यता असलेली, सगळ्यात कमी खर्चाची पदवी नोकरी करत घ्या. नियम कॉलेजचं नाव विचारत नाही, तर तुम्ही नावासाठी जादा पैसे का मोजायचे?

आता माझी गोष्ट. मी एमबीए केलं ते चुकीच्या हिशोबाने. आमचे विभागप्रमुख तीन वर्षांनी निवृत्त होणार होते. तोवर पदवी हातात आली की ती खुर्ची आपलीच, असं मी धरून चाललो. अडीच वर्षं आठवड्यातून चार संध्याकाळी वर्गात बसलो. पदवी मिळाली आणि पुढच्या सहा महिन्यांत आमचा विभागच दुसऱ्या विभागात विलीन झाला. खुर्ची कुणालाच मिळाली नाही, कारण ती उरलीच नाही.

तरी त्या अडीच वर्षांतली एक संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. अकाउंट्सचा तास होता. खेळतं भांडवल, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकून राहणारा पैसा, हे शिकवणं चाललं होतं. मी उत्साहाने हात वर करून माझा पराक्रम सांगितला: सहा महिन्यांचा माल एकदम उचलून मी पुरवठादाराकडून ३ टक्के सवलत काढली होती. सरांनी विचारलं, 'कंपनी बँकेला व्याज किती देते?' मला माहीत नव्हतं. 'बरं, १२ टक्के धरू. म्हणजे महिन्याला १.' मग त्यांनी फळ्यावर सहा आकडे लिहिले: ०, १, २, ३, ४, ५. पहिल्या महिन्याचा माल तसाही आणलाच असता. दुसऱ्या महिन्याचा एक महिना आधी आणला, तिसऱ्याचा दोन महिने आधी, असं करत सहाव्याचा पाच महिने आधी. सरासरी अडीच महिने. म्हणजे ३ टक्क्यांतले अडीच टक्के व्याजातच गेले. उरलेल्या अर्ध्या टक्क्यात गोदामाचं भाडं, विमा आणि पडून खराब होणारा माल बसवायचा होता. 'बसतो का?' सरांनी विचारलं. बसत नव्हता. त्या व्यवहाराबद्दल मला कंपनीत शाबासकी मिळाली होती! फायनान्समधला एक जण मात्र तेव्हा हसला नव्हता. तो का हसला नाही ते मला वर्षभराने त्या वर्गात कळलं.

हा धडा शिकायला अडीच वर्षं आणि एवढी फी लागते का? नाही लागत. अकाउंट्स आणि फायनान्सचा तीन महिन्यांचा बरा कोर्स हे शिकवतो. परीक्षेचा धाक नसता तर मी ते कधी शिकलो नसतो, हे खरं. पण तो माझा स्वभाव झाला.

मग पदवीचे एवढे पैसे कशाचे? १९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने एक मुद्दा मांडला. याच धर्तीच्या कामासाठी २००१ साली त्यांना अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुद्दा असा: नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत बाहेरून दिसत नाही. मग जी पदवी मिळवणं कच्च्या माणसाला जास्त जड जातं, ती पदवीच कुवतीची खूण बनते. आत काय शिकवलं हा पुढचा प्रश्न. पॅनलवर बसल्यापासून मला हे रोज पटतं. आम्ही ठरावीक कॅम्पसवर जातो कारण तिथल्या प्रवेशाने आमचं निम्मं गाळण्याचं काम आधीच केलेलं असतं. याची दुसरी बाजू फी भरणाऱ्याने लक्षात घ्यायला हवी. जिथे अर्ज करणारा जवळजवळ प्रत्येक जण आत जातो, तिथली पदवी माझ्यासारख्याला काहीच सांगत नाही. अभ्यासक्रम तोच असेल, पुस्तकंही तीच असतील, पण गाळणीला भोकं मोठी आहेत.

हे मी एकटाच म्हणत नाही. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्येच शिकवणारे जेफ्री फेफर आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टिना फाँग यांनी २००२ साली तोवरचे अभ्यास चाळून एक लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की, वरच्या मोजक्या संस्था सोडल्या तर एमबीएची पदवी किंवा त्यातले गुण यांचा करिअरमधल्या यशाशी संबंध दाखवणारा पुरावा फार तुटपुंजा आहे. लेख जुना आहे आणि त्यावर वादही झाले. पण व्यवसाय-शिक्षणावर पोट असलेल्या माणसाने हे छापावं, म्हणजे ऐकून घेण्यासारखं आहेच.

'नेटवर्क मिळतं' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. मिळतं, खोटं नाही. फक्त ते पिकायला दहा वर्षं लागतात. वर्गातले सगळे तुमच्यासारखेच नोकरी शोधत असतात, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत ते एकमेकांना फारसे उपयोगी पडत नाहीत.

पूर्णवेळ एमबीएचा सगळ्यात ठोस फायदा माझ्या मते वेगळाच आहे, आणि तो म्हणजे रूळ बदलता येणं. मॅकिन्झी, बेन, बीसीजी अशा सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका, मोठ्या ग्राहकोपयोगी कंपन्यांचे ब्रँड विभाग, तंत्रज्ञान कंपन्यांतली प्रॉडक्टची, म्हणजे उत्पादन कसं असावं हे ठरवण्याची कामं. इथे बॅचच्या बॅच कॅम्पसवरून उचलल्या जातात. खरेदीतल्या माणसाचा रेझ्युमे एरवी तिथे वाचलाही जात नाही. कॅम्पसवर गेलात की वाचला जातो, कारण तिथे सगळेच कुठून ना कुठून आलेले असतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते. रूळ बदलणाऱ्यासाठी खरी मुलाखत तीच. दहा आठवड्यांत तुम्ही नव्या कामाचे आहात की नाही ते त्यांनाही कळतं आणि तुम्हालाही.

म्हणून आता तुम्हाला एक काम सांगतो. येत्या शनिवारी तीन तास काढा. पाच-सात वर्षांनी तुम्हाला ज्या खुर्चीत बसायचंय, त्या खुर्चीत आज बसलेली वीस माणसं लिंक्डइनवर शोधा. एका कंपनीतली नकोत, आठ-दहा कंपन्यांतली घ्या. वहीत चार रकाने आखा: आधीची नोकरी, एमबीए आहे का, कुठून, आणि पदवी या खुर्चीच्या आधी घेतली की बसल्यावर. शेवटचा रकाना लोक विसरतात. वरच्या जागी पोचल्यावर कंपनीच्या खर्चाने एक्झिक्युटिव्ह एमबीए (अनुभवी अधिकाऱ्यांसाठी, नोकरी सांभाळून करायचं) केलेले बरेच असतात. त्यांना पदवीने वर नेलं नाही. वर गेल्यामुळे त्यांना पदवी मिळाली. विसातले पंधरा बिगर-एमबीए निघाले तर तुमचं उत्तर जवळपास मिळालं. पंधरा एमबीए निघाले आणि त्यातले बारा चार-पाच कॉलेजांतले निघाले, तर तेही उत्तरच आहे: त्या चार-पाचांत प्रवेश मिळाला तर जा, नाही मिळाला तर सहाव्याने ते काम होईलच असं समजू नका.

खरेदी आणि पुरवठा साखळीतच वर जायचं असेल तर मी आधी दुसरीकडे पाहीन. सीआयपीएस या खरेदी व्यावसायिकांच्या ब्रिटिश संस्थेच्या पायरीपायरीच्या पात्रता आहेत. एएससीएम या पुरवठा साखळीतल्या अमेरिकी संस्थेची सीएससीपी (पुरवठा साखळीचं) किंवा सीपीआयएम (उत्पादन-नियोजन आणि साठ्याचं) ही प्रमाणपत्रं आहेत. खरेदीच्या जागेसाठी माणूस निवडताना मी ही अक्षरं दुय्यम कॉलेजच्या एमबीएच्या आधी बघतो, कारण ती कामाशी थेट जोडलेली आहेत. खर्च कितीतरी कमी, आणि नोकरी सोडावी लागत नाही.

आता हिशोब. रकमा कंपनी आणि देश बदलला की बदलतात, म्हणून तुमचा आजचा वर्षाचा पगार १०० धरू. बाकी सगळं त्या मापात.

दोन वर्षं पूर्णवेळ गेलात तर पहिल्या वर्षी १०० बुडाले. दुसऱ्या वर्षी ८ टक्के वाढ मिळाली असती म्हणजे १०८ बुडाले. फी १५० धरा. प्रवेश परीक्षा, अर्ज, प्रवास, घर बदलणं आणि राहणीतला वाढीव खर्च मिळून ४०. एकूण ३९८, म्हणजे जवळजवळ ४००. इथे एक चूक सर्रास होते. लोक बुडालेला पगारही धरतात आणि दोन वर्षांचा राहण्या-जेवणाचा पूर्ण खर्चही धरतात. जेवण तर तुम्ही नोकरीत असतानाही करत होतात. धरायचा तो फक्त वाढीव खर्च.

आता परतावा. एमबीए न करता तिसऱ्या वर्षी तुमचा पगार साधारण ११७ झाला असता. एमबीएनंतर १८० मिळाला तर फरक ६३. दोन्हीकडे वर्षाला ८ टक्के वाढ धरली तर फरकही वाढत जातो: ६३, ६८, ७४, ८०, ८६. पाच वर्षांची बेरीज ३७१. म्हणजे ४०० भरून निघायला साडेपाच वर्षांच्या आत-बाहेर लागतात, तेही कर आणि कर्जाचं व्याज न धरता. वाईट नाही. मात्र १८० ऐवजी १४० मिळाला, तर पहिल्या वर्षीचा फरक फक्त २३ आहे. तोच हिशोब पुढे चालवलात तर ४०० व्हायला अकरा वर्षांच्या वर जातात. व्याज धरलं की आणखी लांबतं. पदवी तीच, कष्ट तेच. पहिल्या पगारातल्या ४० च्या फरकाने परतफेडीचा काळ दुप्पट झाला. जाहिरात वाचून आपण सगळे १८० धरतो. कर्जाचा निर्णय १४० धरून घ्या.

एका वर्षाचा अभ्यासक्रम हा हिशोब बराच हलका करतो, कारण बुडणारा पगार निम्म्याहून कमी होतो. फ्रान्समधल्या इन्सियाडने ही वाट १९५९ सालीच पाडली आणि युरोपात ती रुळलीय. पण एका वर्षात बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपला जागा उरत नाही. ज्याला रूळ बदलायचाय त्याला ही उणीव चांगलीच जाणवते. आपल्याच क्षेत्रात राहून उडी मारणाऱ्याला जाणवत नाही.

१८० की १४० हे आधी कसं कळणार? नक्की कळणार नाही. पण कॉलेजचा प्लेसमेंट अहवाल नीट वाचता आला तर अंदाज बांधता येतो. मला उमेदवारांचे रेझ्युमे वाचायची सवय आहे आणि हे अहवालही मी तसेच वाचतो: काय लिहिलंय याच्या आधी काय लिहिलेलं नाही ते बघतो. पहिली गोष्ट छेद. '९४ टक्क्यांना नोकरी' हे कितीजणांपैकी? बहुतेक अहवालांत टक्केवारी 'नोकरी शोधणाऱ्यां'पैकी काढतात. कंपनीने पाठवलेले, स्वतःचा व्यवसाय सुरू करणारे, पुढे शिकणारे त्यातून वगळतात. तत्त्वतः यात गैर काही नाही. पण २०० च्या बॅचमधले ७० जण 'शोधत नव्हते' असं दिसलं की मी भुवया उंचावतो. दुसरी गोष्ट, सरासरी छापलीय की मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले तर बरोबर मधला येणारा? दोन-तीन गडगंज पगार सरासरीला कुठल्या कुठे नेतात. मध्यक नसेल तर मागा. टाळाटाळ झाली तर समजायचं ते समजा. तिसरी, किती जणांनी पगार सांगितला? ज्यांना चांगला मिळतो ते उत्साहाने सांगतात. चौथी, तुमच्यासारखे कुठे गेले? उत्पादन क्षेत्रातून आलेले सल्लागार कंपनीत किती गेले, हा आकडा अहवालात नसतो. तो माजी विद्यार्थ्यांना फोन करूनच काढावा लागतो.

क्रमवारीच्या याद्यांबद्दलही एक सांगतो. फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या बिझनेस स्कूलांच्या यादीतला पगार पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना विचारून काढलेला असतो, आणि तो क्रयशक्तीनुसार (त्या त्या देशात पैशात किती वस्तू येतात त्या मानाने) बदलून डॉलरमध्ये छापतात. म्हणजे छापलेला आकडा जसाच्या तसा कुणाच्या खात्यात जमा झालेला नसतो, आणि तो पहिला पगारही नसतो. लोक मात्र तोच आकडा धरून कर्जाचा हप्ता काढतात.

आणि बाजार. तुम्ही प्रवेश घेता एका बाजारात आणि बाहेर पडता दुसऱ्यात. हार्वर्डच्या एमबीएचंच बघा. २०२२ साली पदवी घेतलेल्यांपैकी नोकरी शोधणाऱ्या १० टक्क्यांकडे तीन महिन्यांनंतर नोकरी नव्हती. २०२४ सालच्या बॅचमध्ये हेच प्रमाण २३ टक्के झालं. दोन वर्षांत कॉलेज बिघडलं नाही, नोकऱ्या आटल्या. यावर कुणाकडेच इलाज नाही. फक्त हप्ता असा ठेवा की नोकरीविना सहा महिने गेले तरी घर चालेल.

पूर्णवेळ की नोकरी सांभाळून, याचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच दिसू लागलं असेल. रूळ बदलायचा असेल तर पूर्णवेळ, तेही चांगल्या कॉलेजातच. आहे त्याच वाटेवर वर जायचं असेल तर नोकरी सांभाळून, किंवा नुसते सुटे कोर्स. संध्याकाळच्या विद्यार्थ्यांना कॅम्पस प्लेसमेंट बऱ्याच ठिकाणी खुलं नसतं, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या. आठवड्याला पंधरा ते वीस तास जातील. ते तास झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून येतात. माझ्या बाबतीत रविवार गेले, आणि त्याची किंमत माझ्यापेक्षा बायकोने जास्त मोजली. ती आजही त्या अडीच वर्षांना 'तुझं कॉलेज' असं ज्या सुरात म्हणते, त्यावरून कळतं.

कंपनी फी भरायला तयार असेल तर उत्तमच. पण करारात पदवीनंतर किती वर्षं थांबायचं, कंपनीने काढून टाकलं तर पैसे परत करायचे का, आणि आधी सोडल्यास पूर्ण रक्कम द्यायची की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे तीन मुद्दे बघा. तिसरा मुद्दा बहुतेक जण सही करून झाल्यावर वाचतात.

कॉलेज निवडताना मान्यता बघायची असते हे तुम्हाला माहीत असेलच. देशातल्या नियामकाची मान्यता हा पाया. त्यावर एएसीएसबी, एक्विस आणि एएमबीए या तीन आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एखादी असेल तर अभ्यासक्रम बाहेरच्या डोळ्यांनी तपासला गेलाय एवढं नक्की. एएमबीएच्या निकषांत तर विद्यार्थ्याला किमान तीन वर्षांचा अनुभव हवा अशी अट आहे. मला ती फार आवडते. तुमच्या सहा वर्षांना वर्गात वजन तेव्हाच येतं जेव्हा शेजारी बसलेल्यानेही काहीतरी केलेलं असतं. वर्गात सगळे नुकतेच पदवीधर असतील तर चर्चेत तुम्ही देणारे व्हाल, घेणारे नाही.

वयाची चिंता तुम्ही लिहिलीय. सोडा ती. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या नावाजलेल्या अभ्यासक्रमांत सरासरी वय २७-२८ च्या आसपास असतं, युरोपातल्या एका वर्षाच्यांत २९-३०. तयारी आणि अर्ज यांत एक वर्ष जाईल, म्हणजे तुम्ही ३० व्या वर्षी आत जाल. उशीर झालेला नाही. पस्तिशीनंतर मात्र कॅम्पसवरच्या जागा तुमच्या अनुभवाला लहान पडू लागतात.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता. या महिन्यात साहेबांशी ते बोलणं आणि वीस माणसांची वही. त्यानंतर अकाउंट्स-फायनान्सचा छोटा कोर्स. एमबीए केलं तर पहिलं सत्र हलकं जाईल, नाही केलं तर फायनान्सच्या बैठकीत तोंड उघडता येईल. वहीत एमबीएकडे जाणारी वाट दिसली तर जीमॅट ही बिझनेस स्कूलांची आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा किंवा तुमच्याकडे चालणारी परीक्षा देऊन टाका. जीमॅटचा स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा दिली म्हणून जायलाच हवं असं नाही. स्कोअर हातात आला की कुठल्या कॉलेजांची भाषा करायची ते कळतं, आणि अर्ध्याअधिक चर्चा आपोआप मिटतात. मधल्या काळात दोन-तीन दुसऱ्या कंपन्यांत मुलाखती द्या. बाहेरून माणूस आणणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, आणि तुम्ही कुणासाठी तरी तो 'बाहेरचा माणूस' असू शकता. तुमच्या कंपनीने आणलेल्या त्या दोघांकडे एमबीए होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी बघा.

बरोबरच्या ज्या दोघांना पाहून तुम्हाला वाटायला लागलं, त्यांना जरूर फोन करा. पण आता पहिल्या सत्रात नको. आत्ता त्यांना सगळंच भारी वाटत असणार. इंटर्नशिप संपून परत आले की करा.

आणि कर्जाबद्दल. १४० च्या हिशोबाने जो हप्ता निघतो, तेवढी रक्कम पुढच्या महिन्यापासून पगार झाल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. सहा महिने त्याला हात लावू नका आणि राहणी तशीच चालवून बघा. जमलं तर गेल्यावर तेवढं कर्ज कमी घ्यावं लागेल. तिसऱ्या महिन्यातच त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा आपण पूर्णवेळचा विचार बाजूला ठेवून बोलू.